अमेरिकेवरची ऐतिहासिक कादंबरी कशी वाचावी: नाशिकच्या वाचनगटांसाठी

ऐतिहासिक कादंबरी म्हटली की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे गड, दरबार, खलिते आणि स्वाऱ्या उभ्या राहतात. शिवकाल आणि पेशवाई यांवरच्या जाडजूड कादंबऱ्या आपण शाळकरी वयापासून वाचत आलेलो असतो. त्यांतली माणसे, लढाया आणि फितुऱ्या आधीच ठाऊक असतात, शेवटही ठाऊक असतो, आणि तरीही आपण त्या वाचतो, कारण माहीत असलेली गोष्ट लेखक कशी सांगतो यातच गोडी असते. अमेरिकेच्या वसाहतकाळावरची किंवा एकोणिसाव्या शतकावरची कादंबरी हाती घेतली की ही शिदोरी पुरत नाही. तेथे गादी नसते, वारसाचा तंटा नसतो. कथेच्या मध्यभागी बहुधा एखादा शेतकरी, धर्मोपदेशक, लढाईवरून पळालेला शिपाई किंवा नदी ओलांडून आलेली गुलाम स्त्री असते, आणि इतिहासातली नामांकित माणसे लांबून जाताना दिसतात. मग एक तर पन्नास पानांत पुस्तक मिटते, नाही तर सगळी कादंबरी नुसती प्रेमकथा किंवा साहसकथा म्हणून वाचून संपते. ज्या गावात सार्वजनिक वाचनालय १८४० सालापासून चालू आहे, त्या गावात अशा कादंबरीसाठी चार-सहा वाचक जमवणे अवघड नाही. अवघड आहे ते एकत्र बसून नेमके काय करायचे हे ठरवणे. त्यासाठी एक पद्धत पुढे मांडली आहे. एकट्याने वाचणाऱ्यालाही ती चालेल, पण गटात तिचा उपयोग अधिक होतो.

पद्धतीचा गाभा असा, की ऐतिहासिक कादंबरीला दोन काळ असतात: एक कथानकाचा आणि दुसरा ती लिहिली गेली तो. या दोन काळांतले अंतर लक्षात न घेता वाचले तर लेखकाच्या काळातली मते कथानकाच्या काळातला इतिहास म्हणून आपल्या गळी उतरतात. आपण परके वाचक असल्यामुळे तिसरा एक काळही सोबत ठेवावा, तो म्हणजे त्याच वर्षांतला आपल्या मुलखाचा. एक साधी दोनशे पानी वही घ्यावी आणि पानावर तीन उभे रकाने आखावेत. पहिल्यात कथानकातले साल, दुसऱ्यात प्रकाशनाचे साल आणि त्या वेळी अमेरिकेत चाललेला वाद, तिसऱ्यात त्या दोन्ही सालांच्या आसपास नाशिकात किंवा मराठी मुलखात काय चालले होते ते लिहावे. तिसरा रकाना हौसेचा वाटेल, परंतु परक्या इतिहासातली वर्षे मनात रुजायला त्याच्याइतके खात्रीचे साधन दुसरे नाही.

उदाहरण म्हणून जेम्स फेनिमोर कूपर यांची ‘द लास्ट ऑफ द मोहिकन्स’ घेऊ. कथानक १७५७ च्या ऑगस्टमधले आहे. न्यूयॉर्क प्रांतातल्या लेक जॉर्जच्या काठचा फोर्ट विल्यम हेन्री हा इंग्रजांचा किल्ला फ्रेंचांनी वेढलेला आहे आणि दोन्ही बाजूंनी मूळनिवासी जमातींचे योद्धे लढत आहेत. तिसऱ्या रकान्यात काय येते पाहा: त्याच वर्षीच्या जूनमध्ये प्लासीची लढाई झाली, पुण्यात नानासाहेब पेशव्यांचा कारभार चालू होता आणि त्र्यंबकेश्वरचे आजचे काळ्या दगडाचे मंदिर त्याच काळात उभे राहत होते. इंग्रज आणि फ्रेंच यांच्या ज्या जागतिक झगड्याचा एक तुकडा बंगाल आणि कर्नाटकात पडला, त्याचाच दुसरा तुकडा ही कादंबरी सांगते, हे एका ओळीत कळते. पण खरी मेख दुसऱ्या रकान्यात आहे. कादंबरी प्रसिद्ध झाली १८२६ मध्ये, म्हणजे घटनेनंतर सुमारे सत्तर वर्षांनी. त्या वेळी मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील मूळनिवाशांना त्यांच्या जमिनींवरून उठवून पश्चिमेला पाठवावे का, हा वाद अमेरिकेत पेटत चालला होता; १८३० मध्ये तसा कायदा झाला आणि १८३८-३९ च्या हिवाळ्यात चेरोकी लोकांना सक्तीने चालवत नेताना हजारो माणसे वाटेत दगावली. अशा वेळी एका जमातीचा ‘शेवटचा’ वीर हळहळ व्यक्त करत मारणारी कादंबरी वाचकाला काय सुचवते? हे लोक आपोआप, नशिबानेच संपत आले आहेत, त्याला कोणाचा इलाज नव्हता, असे ती सुचवते. प्रत्यक्षात मोहिकन संपले नाहीत. त्यांचे वंशज आज विस्कॉन्सिन राज्यात स्टॉकब्रिज-मन्सी या नावाने राहतात. ही माहिती असली तरी कादंबरीची पाठलागाची प्रकरणे तितकीच रंगतात, फक्त शेवटच्या पानावरचे अश्रू कोणाच्या सोयीचे आहेत, असा प्रश्न मनात राहतो.

हाच प्रयोग मार्गारेट मिचेल यांच्या ‘गॉन विथ द विंड’वर करावा. कथानक १८६१ पासूनचे, प्रकाशन १९३६ चे. दक्षिणेतल्या गोऱ्या जमीनदार घराण्यांचा ऱ्हास ती विलक्षण ताकदीने रंगवते, नायिका तर विसरता येत नाही. पण तिच्यातले गुलाम मालकाच्या घरात सुखी आहेत आणि गुलामांच्या मुक्तीनंतरचा काळ हा जणू अराजकाचाच काळ आहे. १९३६ मध्ये दक्षिणेच्या राज्यांत काळ्या-गोऱ्यांना शाळा, गाड्या आणि पाणवठे वेगळे ठेवणारे कायदे लागू होते, हे दुसऱ्या रकान्यात लिहिले की त्या चित्राची गरज कोणाला होती ते कळते. पुस्तक टाकून द्यावे असा याचा अर्थ नाही. आपल्याकडेही पेशवाईवरच्या कादंबऱ्या पेशवाईपेक्षा त्या लिहिल्या गेलेल्या दशकांबद्दल पुष्कळदा अधिक सांगतात, आणि त्या आपण आवडीने वाचतोच.

वाचायला बसण्यापूर्वी अमेरिकेच्या इतिहासाचा ठोकळा ग्रंथ वाचण्याच्या फंदात पडू नये. त्याने उत्साह मावळतो. सांगाडा पुरेसा आहे. १६०७ मध्ये व्हर्जिनियात जेम्सटाउन ही इंग्रजांची टिकलेली पहिली वसाहत झाली, १६१९ मध्ये तेथे पहिले आफ्रिकी बंदिवान उतरवले गेले, १६२० मध्ये प्लिमथला धर्मनिष्ठ प्युरिटन पंथीयांची वसाहत आली. १६९२ मध्ये सेलम येथे चेटकाच्या आरोपांवरून १९ जणांना फाशी झाली. १७७३ च्या डिसेंबरात बॉस्टनच्या बंदरात जो चहा बुडवला गेला तो आपल्या ओळखीच्या ईस्ट इंडिया कंपनीचा होता. १७७६ मध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला आणि १७८१ मध्ये यॉर्कटाउनला लॉर्ड कॉर्नवॉलिस शरण आला. हाच कॉर्नवॉलिस पुढे गव्हर्नर जनरल होऊन इकडे आला आणि १७९२ मध्ये मराठ्यांना व निजामाला सोबत घेऊन त्याने टिपूला तहाला भाग पाडले. (अमेरिकेत हरलेला सेनापती आपल्या इतिहासाच्या पुस्तकात जिंकताना भेटतो, ही गंमत गटात सांगितली की नवख्या वाचकाचीही भीड चेपते.) १८०३ मध्ये फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरला लुइझियानाचा अफाट प्रदेश विकत घेतला गेला, १८६१ ते १८६५ गुलामगिरीच्या वादातून उत्तर आणि दक्षिणेच्या राज्यांत यादवी युद्ध झाले, १८६५ च्या अखेरीस घटनादुरुस्तीने गुलामगिरी बंद झाली आणि १८७७ मध्ये दक्षिणेतून केंद्राचे सैन्य काढून घेतल्यावर मुक्त झालेल्यांचे हक्क पुन्हा हिरावले जाऊ लागले. एवढे एका पानावर लिहून वहीच्या आतल्या बाजूस चिकटवावे.

नकाशा मात्र कथानकाच्या काळाचाच हवा, कारण आजच्या ५० राज्यांपैकी पुष्कळशी तेव्हा अस्तित्वातच नव्हती. नकाशावर ओहायो नदी ठळक करून घ्यावी. तिच्या दक्षिणेला केंटकी हे गुलामगिरीचे राज्य आणि उत्तरेला ओहायो हे मुक्त राज्य, त्यामुळे कित्येक कादंबऱ्यांत ती नदी ओलांडणे हाच कथेचा कळस असतो. अंतरांचाही अंदाज बांधावा. पश्चिमेकडे जाणाऱ्या कुटुंबांच्या बैलगाड्या दिवसाला साधारण १२ ते १५ मैल जात, म्हणजे सकाळी नाशिकहून निघालेली गाडी मुक्कामापर्यंत सिन्नरलाही पोहोचली नसती. आणि ओरेगनची वाट सुमारे २,००० मैलांची होती. ‘महिने उलटले’ असे लेखकाने एका वाक्यात म्हटले, तर त्या वाक्यात किती सिन्नर मावतात ते पाहावे.

आता या विषयातल्या सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येऊ. मराठी ऐतिहासिक कादंबरीत कथेला वळण देते ती लढाई किंवा कारस्थान. अमेरिकी कादंबरीत हे काम पुष्कळदा कायदा करतो. १८०८ पासून परदेशातून गुलाम आणण्यास बंदी आली, त्यामुळे देशांतर्गत खरेदी-विक्री वाढली आणि व्हर्जिनियासारख्या जुन्या राज्यांतली कुटुंबे फोडून माणसे खोल दक्षिणेतल्या कापसाच्या मळ्यांवर विकली जाऊ लागली. कादंबरीत एखादे मूल एकाएकी नाहीसे होते त्यामागे हे अर्थकारण असते. १८५० च्या फरारी गुलाम कायद्याने मुक्त राज्यांतल्या नागरिकांवरही पळालेल्या गुलामाला पकडून देण्यास मदत करण्याची सक्ती केली. १८५७ च्या ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने काळ्या माणसाला अमेरिकेचे नागरिकत्व असूच शकत नाही असा निवाडा दिला. कथानकाचे साल या तीन टप्प्यांच्या आधीचे की नंतरचे, हे आधी पाहावे. पात्र कोठवर पळाले म्हणजे सुरक्षित होते, याचे उत्तर त्यावर ठरते. १८५० नंतरची पात्रे ओहायोत न थांबता कॅनडाकडे का धाव घेतात, हे मग विचारावे लागत नाही.

या सगळ्याचा एकत्रित अनुभव घ्यायचा तर टोनी मॉरिसन यांची ‘बिलव्हेड’ (१९८७) घ्यावी, आणि ती घाईने वाचू नये. तिच्यामागे एक खरी घटना आहे. १८५६ च्या जानेवारीत मार्गारेट गार्नर ही गुलाम स्त्री केंटकीहून आपल्या कुटुंबासह गोठलेली ओहायो नदी चालत ओलांडून सिनसिनाटीला पोहोचली. पाठलाग करणाऱ्यांनी घर वेढले तेव्हा मुले पुन्हा गुलामीत जाऊ नयेत म्हणून तिने आपल्या लहानग्या मुलीला ठार मारले. त्यानंतर न्यायालयात जो वाद झाला तो वाचताना अंगावर काटा येतो: तिच्यावर खुनाचा खटला चालवायचा तर ती माणूस ठरते, आणि मालकाला परत द्यायची तर ती मालमत्ता ठरते. अखेर ती मालमत्ता ठरली आणि परत पाठवली गेली. कादंबरीतली नायिका मात्र परत जात नाही. ती ओहायोतच राहते, आणि कथानकाचा वर्तमानकाळ १८७३ चा आहे, म्हणजे गुलामगिरी कायद्याने संपून आठ वर्षे झाल्यावरचा. लेखिकेने घटना बदलली ती येथे, आणि गटाने सर्वांत जास्त वेळ याच बदलावर घालवावा. परत पाठवलेल्या बाईची कथा कायद्याच्या क्रौर्याची झाली असती. सुटलेल्या बाईची कथा आठवणीची होते. इतिहासापासून कादंबरी कोठे वळली हे शोधून ‘चूक’ म्हणून लाल शाईने खूण करण्याची आपल्याला सवय आहे. त्याऐवजी, या वळणामुळे लेखिकेला असे काय सांगता आले जे एरवी सांगता आले नसते, असे विचारावे.

१८७३ हे साल तिसऱ्या रकान्यात लिहिताना हात थबकतो. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले, आणि ते त्यांनी अर्पण केले होते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामात त्यांनी दाखवलेल्या निःस्वार्थ त्यागाबद्दल. म्हणजे एकोणिसाव्या शतकातली अमेरिकी गुलामगिरी हा मराठी वाचकाला परका विषय नाही. दीडशे वर्षांपूर्वी तो मराठी वैचारिक साहित्याच्या अगदी मुखपृष्ठापाशी होता. येथे एक सावधगिरी हवी. गुलामगिरी आणि जातिव्यवस्था यांची तुलना गटात पहिल्या बैठकीतच निघेल, आणि निघावीही, कारण फुल्यांनीच ती केली. पण दोन्ही एकच आहेत असे धरून चालले तर कादंबरीतल्या विशिष्ट गोष्टी दिसेनाशा होतात: माणूस तारण ठेवता येणे, मृत्युपत्रात भाच्याच्या नावे करता येणे, कर्ज फेडण्यासाठी लिलावात निघणे, आणि आईच्या गुलामीवरून मुलाची गुलामी ठरणे. आधी या गोष्टी आपल्या जागी नीट पाहाव्यात, तुलना त्यानंतर करावी.

नाशिकच्या वाचकाला तर याहूनही जवळचा धागा आहे. शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असते, की एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तेथल्या ख्रिस्ती मिशनच्या वस्तीत आफ्रिकी मुले राहत आणि शिकत होती? पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम घेऊन निघालेली अरबी गलबते इंग्रजांच्या आरमाराने पकडली की सुटलेल्या मुलांपैकी काहींना मुंबईमार्गे शरणपूरला आणले जाई. तेथे त्यांना अक्षरओळख आणि सुतारकाम-लोहारकामासारखे हुन्नर शिकवले जात. त्यांतलाच एक, जेकब वेनराइट, आफ्रिकेत शोधप्रवास करणारे डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या शेवटच्या प्रवासात त्यांच्या तुकडीत होता. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारले तेव्हा प्रार्थना त्याने वाचली, आणि १८७४ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेतल्या अंत्यविधीला शवपेटी धरणाऱ्यांत तो होता. हा हिंदी महासागरातला गुलामांचा व्यापार होता, अटलांटिकवरचा नव्हे, आणि दोहोंची सरमिसळ करू नये. तरीही ‘बिलव्हेड’मधली नायिका सिनसिनाटीत आपल्या भूतकाळाशी झगडत असल्याचे कल्पिलेले जे वर्ष, त्याच वर्षी नाशिकात शिकलेला एक मुक्त गुलाम मध्य आफ्रिकेत इंग्रजीत प्रार्थना वाचत होता, ही नोंद वहीत आली की तिन्ही रकाने एकमेकांशी बोलू लागतात.

यादवी युद्धावरच्या कादंबऱ्यांसाठी तिसरा रकाना कापसाने भरतो. युद्धापूर्वी इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून येई. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली, आणि खानदेश, वऱ्हाड व गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत शेअरबाजी माजली, आणि १८६५ च्या वसंतात दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आल्याची वार्ता पोहोचताच ती सगळी कोसळली. थळ घाटातला, म्हणजे आपल्या कसारा घाटातला, लोहमार्ग खुला झाला तोही १८६५ मध्येच. त्यामुळे युद्धाच्या कादंबरीत कापसाच्या गासड्या जाळल्या जात असल्याचे वर्णन आले, की त्या आगीची ऊब कोणाच्या शेतापर्यंत पोहोचली होती ते आपल्याला ठाऊक असते. लढाईच्या वर्णनांबद्दल वेगळे सांगण्याची गरज नाही. पानिपतावरच्या कादंबऱ्या ज्याने वाचल्या, त्याला गेटिसबर्गच्या तीन दिवसांवरची, १ ते ३ जुलै १८६३ ची, मायकेल शारा यांची ‘द किलर एंजल्स’ परकी वाटणार नाही. दोन्हीकडे सेनापतींचे मतभेदच निकाल लावतात.

कादंबरीच्या जोडीला एखादा मूळ कागद पाहावा, असा आग्रह धरावासा वाटतो. अमेरिकेची जनगणना १७९० पासून दर दहा वर्षांनी होते, आणि १८५० व १८६० या दोन जनगणनांत गुलामांची वेगळी यादी केलेली होती. त्या याद्यांची पाने आज इंटरनेटवर कोणालाही पाहता येतात. डाव्या रकान्यात मालकाचे नाव, ते झोकदार अक्षरात. त्याखाली ओळीने माणसे: वय, लिंग, वर्ण, फरारी असल्यास तशी खूण, मुक्त केले असल्यास तशी, बहिरा-मुका, आंधळा, वेडा असल्यास शेवटच्या रकान्यात नोंद. नाव मात्र जवळजवळ कोठेच नाही. ३५, स्त्री, काळी. १२, पुरुष, काळा. अर्धे वर्ष, स्त्री, मिश्र. १८६० मध्ये देशाची लोकसंख्या सुमारे ३ कोटी १४ लाख होती आणि तीत सुमारे ३९ लाख ५० हजार गुलाम होते. त्या बहुतेकांची सरकारी नोंद अशी आहे. गटातल्या एकाने असे एक पान छापून आणावे आणि सगळ्यांनी पाच मिनिटे नुसते पाहावे. ऐतिहासिक कादंबरी कोणते काम करते, ते त्यानंतर समजावून सांगावे लागत नाही: ३५ वर्षांच्या त्या बाईला नाव, बोली आणि राग देण्याचे काम इतिहासकाराला पुराव्याअभावी करता येत नाही, कादंबरीकाराला करता येते. पण पुरावा नसल्यामुळे लेखक वाटेल ते नाव आणि वाटेल तो राग देऊ शकतो, हा धोकाही तेवढाच खरा आहे. तो ताडून पाहण्यासाठी स्वतः गुलामीतून सुटलेल्यांनी लिहिलेली आत्मकथने आहेत. फ्रेडरिक डग्लस यांचे १८४५ चे आणि हॅरिएट जेकब्स यांचे १८६१ चे, ही दोन्ही आकाराने आटोपशीर आहेत आणि त्यांवर स्वामित्वहक्क उरलेला नसल्याने विनामूल्य मिळतात.

कालविपर्यास शोधणे हा ऐतिहासिक कादंबरीच्या वाचकाचा आवडता खेळ आहे, आणि तो थोडा वेळ खेळायला हरकत नाही. १८४४ पूर्वी तारेने बातमी येत असेल, १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात तेलाची विहीर लागण्याच्या कितीतरी आधी घरोघर रॉकेलचे दिवे जळत असतील, किंवा १८७० पूर्वी माळरानावर काटेरी तारेची कुंपणे असतील, तर लेखकाचा अभ्यास कच्चा आहे. मात्र वस्तूंच्या चुका किरकोळ असतात. मनाच्या चुका गंभीर. १६९० मधली सोळा वर्षांची मुलगी देवाला न भिता आजच्या मुलीसारखी बंडाची भाषा बोलू लागली, किंवा १८३० मधला प्रत्येक भला गोरा नायक योगायोगाने गुलामगिरीचा विरोधकच निघाला, तर समजावे की लेखक आपल्याला खूश ठेवतो आहे. त्या काळातली भली माणसेसुद्धा कोणत्या गोष्टी डोळ्यांआड करत होती, हे दाखवणारी कादंबरी अधिक विश्वासाची. सरळ कल्पित केलेल्या गोष्टींना मात्र हा नियम लावू नये. कोल्सन व्हाइटहेड यांच्या ‘द अंडरग्राउंड रेलरोड’ (२०१६) मध्ये जमिनीखालून खरोखरीची आगगाडी धावते; इतिहासात ते नाव फरारींना एका घरातून पुढच्या घरी गुपचूप पोहोचवणाऱ्या माणसांच्या साखळीचे होते. लेखकाने हे अजाणता केलेले नाही, तेव्हा ‘अशी गाडी नव्हतीच’ असे सांगून कोणी बैठकीत वेळ घेऊ नये.

भाषेबद्दल थोडे. जुन्या कादंबऱ्यांत काळ्या पात्रांची आणि सरहद्दीवरच्या गोऱ्या शेतकऱ्यांची बोली उच्चाराबरहुकूम लिहिलेली असते आणि डोळ्यांनी वाचताना ती अजिबात कळत नाही. मोठ्याने वाचली की कळते. गटात ती पाने आळीपाळीने वाचावीत. काही शब्द आज शिवीच मानले जातात. ते पुस्तकात आहेत हे लपवू नये, पण मोठ्याने वाचताना ते गाळावेत किंवा नाही, हे पहिल्याच बैठकीत सर्वांच्या संमतीने ठरवून घ्यावे, म्हणजे ऐन रंगात आलेल्या चर्चेत अवघडलेपणा येत नाही.

क्रमाविषयी अनेक जण विचारतात. १६२० पासून सुरुवात करून सालवारीने पुढे येण्याचा मोह टाळावा; वसाहतकाळावरच्या कादंबऱ्यांत धर्मचर्चा जड असते आणि गट तेथेच गळतो. यादवी युद्धाच्या आगेमागची दशके आधी वाचावीत, मग मागे जावे. नथानिएल हॉथॉर्न यांची ‘द स्कार्लेट लेटर’ (१८५०) तेव्हा घ्यावी. तिच्या आरंभी जकात कचेरीवरचे एक लांबलचक प्रकरण आहे, ज्यात निवेदकाला अडगळीत जुना कागद आणि कापडी अक्षर सापडल्याचे सांगितले आहे. जुनी बखर सापडल्याची बतावणी करण्याची युक्ती आपल्याकडच्या लेखकांनाही ठाऊक आहे. हे प्रकरण पहिल्या वाचनात खुशाल सोडावे आणि कादंबरी संपल्यावर वाचावे. तेव्हाच त्याची चव कळते. हॉथॉर्न यांचे एक पूर्वज १६९२ च्या सेलम खटल्यांतले न्यायाधीश होते, ही माहितीही शेवटासाठीच राखून ठेवावी.

एका कादंबरीला तीन बैठका पुरतात: पहिली सुमारे शंभर पानांवर, केवळ पात्रे, नकाशा आणि साल पक्के करण्यासाठी, दुसरी कथानकाच्या मध्यावर, कायदा आणि कागदपत्रांसाठी, तिसरी पुस्तक संपल्यावर. लेखकाची टीप किंवा उपसंहार असेल तर तो तिसऱ्या बैठकीपूर्वी कोणी वाचू नये, कारण काय खरे आणि काय रचलेले हे लेखकानेच सांगून टाकले की आपण शोधायचे थांबतो. प्रत्येक कादंबरीनंतर वहीतला तिसरा रकाना भरण्याचे काम वेगवेगळ्या सभासदाकडे द्यावे आणि त्यासाठी त्याने जिल्ह्याचे जुने गॅझेटियर चाळावे.

दोन-तीन कादंबऱ्या झाल्यावर मध्येच एक मराठी पुस्तक घ्यावे: पंडिता रमाबाईंचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला गेल्या, पुढे दोन वर्षांहून अधिक काळ त्या देशभर फिरल्या, आणि १८८९ मध्ये हे पुस्तक प्रसिद्ध झाले. ते कादंबरी नाही, परंतु कादंबऱ्यांतून आपण जी अमेरिका वाचत आलो तिच्यात प्रत्यक्ष वावरलेल्या एका मराठी बाईने तेथील राज्यव्यवस्था, घरे, शाळा आणि स्त्रियांच्या संस्था कशा पाहिल्या, हे त्यात आहे. वहीत त्यासाठी रकाने आखताना अडचण येईल, कारण कथानकाचे साल, लेखनाचे साल आणि आपले साल येथे एकच आहे. त्या पुस्तकापुरते वहीचे अख्खे पान मोकळे सोडावे आणि रमाबाईंना दिसलेले पण कादंबऱ्यांत न भेटलेले जे जे सापडेल, ते त्यावर लिहीत जावे.